धुरी कोणाची?

गोंदियात माझी ओळख दोन प्रकारे सांगतात. ज्यांच्याकडे मी काम केलं ते म्हणतात, "अलारामवाले रामटेके." ज्यांच्याकडे काम मिळालं नाही, नुसतं काय करायला हवं ते सांगून आलो, ते म्हणतात, "तो भांडखोर माणूस." दोन्ही खरं आहे. छताला धूर ओळखणारी यंत्रं, म्हणजे स्मोक डिटेक्टर, लावायचं काम मी केस काळे होते तेव्हापासून करत आलो आणि गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा थांबलो. या धंद्यात गोड बोलणाऱ्याला कामं भरपूर मिळतात. फक्त त्याने लावलेली यंत्रं वेळेवर बोलत नाहीत.

डिटेक्टर तुम्ही पाहिलेला असतो. छताला उपडी वाटी चिकटवावी तसा दिसतो, आत एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. लॉजवर उतरणाऱ्या अर्ध्या लोकांना तो छुपा कॅमेरा वाटतो. एका लॉजच्या खोलीत मला त्यावर ओढून बसवलेला मोजा सापडला होता, तोही न धुतलेला. एका राईस मिलच्या मालकाने हट्टाने कोंडा उडतो तिथेच डिटेक्टर लावून घेतले. धुळीने ते दिवसभर बोंबलले, आणि संध्याकाळी मालकाने मला फोनवर जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

त्याचं वायरिंग घरच्या वायरिंगसारखं नसतं, हे मात्र नीट सांगतो, कारण निम्मे घोळ इथेच होतात. घरात दिवा हवा असला की वायरमन जवळ दिसेल त्या तारेतून फाटा काढतो आणि दिवा लागतो. इथे फाटा चालत नाही. खाली भिंतीवर एक पेटी असते, तिला पॅनेल म्हणतात. त्यातून दोन तारा निघतात, पहिल्या डिटेक्टरला जातात, तिथून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला, अशा शेवटच्यापर्यंत. शेवटच्याच्या टोकाला एक चिमुकला रेझिस्टन्स लावतात. पॅनेल त्यातून सतत थोडा करंट फिरवत राहतं, आणि तो फिरून आला की समजतं, सगळे जागेवर आहेत. पोरं हात धरून रांगेत उभी राहतात तसं. मधल्याने हात सोडला की पुढची सगळी रांग तुटली, आणि पॅनेल ओरडायला लागतं. फाटा काढून लावलेला डिटेक्टर या रांगेत नसतोच. त्याची तार उंदराने खाल्ली तरी पॅनेलवर हिरवा दिवा सुखाने जळत राहतो.

जुन्या इमारतींचे मालक मला हमखास एकच प्रश्न विचारत. "आमची बिल्डिंग तर आजोबांच्या काळातली, तिला सूट असेल ना?" सूट कसली? नियम इमारतीचं वय विचारत नाही, आत कोण झोपतं ते विचारतो. घराचा दवाखाना केला की दवाखान्याचे नियम लागले.

असाच एक दवाखाना जुन्या बाजाराकडच्या गल्लीत होता, बाळंतपणाचा. इमारत एका तांदळाच्या व्यापाऱ्याची. खाली दुकान, वर राहणं, आणि त्याच्यावर माळा, जिथे कधीकाळी तांदळाची पोती राहत. सगळ्या पाटण्या, म्हणजे फळ्यांच्या जमिनी, सागवानी. डॉक्टर मॅडमनी ती विकत घेतली तेव्हा खाली ऑपरेशन थिएटर केलं, वर बाळंतिणींच्या खोल्या केल्या आणि छान दिसावं म्हणून खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग लावलं. खोटं छत आणि खरं छत यांच्यात कमरेइतकी पोकळी राहिली. त्या पोकळीत नक्षीच्या तुळया होत्या. त्यांना पुढे डिटेक्टरसाठी भोकं पाडताना माझा हात दर वेळी थबकायचा, आणि ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तसं लाकूड आता कोण आणणार आहे?

नियम असा की पोकळी आठशे मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तिच्यात वेगळे डिटेक्टर लावायचे. कारण तिथे पेटलं तर खालच्या डिटेक्टरला कळेपर्यंत आग पार मोठी झालेली असते. मॅडमचे यजमान दवाखान्याचा कारभार पाहत. सगळे त्यांना भैयाजी म्हणत. पोकळीतल्या डिटेक्टरचं ऐकून ते हसले.

"रामटेकेजी, ऊपर कौन सोता है? चूहे?"

"चूहे सोते नहीं भैयाजी," मी म्हणालो. "वायर कुतरते हैं."

त्यावर आमचं चांगलंच जुंपलं. शेवटी मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नियम आहे तर लावा, रामटेके भाऊ. पण ते उगाचच वाजायला लागलं तर मी तुम्हाला बोलावीन." मी त्या पोकळीचा पॅनेलवर स्वतंत्र भाग केला, चार नंबरचा. खोल्यांचा भाग दोन नंबरचा. म्हणजे दिवा पाहिला की कळावं, धूर छताखाली आहे की छतावर.

उगाच वाजायला लागलं ते चार नंबरचं नव्हे, दोन नंबरचं. आणि त्याला उगाच तरी कसं म्हणू?

आमच्याकडे बाळंतिणीला शेक आणि लेकराला धुरी दिल्याशिवाय आजीच्या जिवाला चैन पडत नाही. घमेल्यात निखारे घ्यायचे, वर ओवा, लसणाची सालं, बाळंतशेपा टाकायच्या, आणि लेकराला त्या धुरावरून ओवाळल्यासारखं फिरवायचं. मॅडम प्रत्येकीला समजावत की लेकराच्या छातीला धूर चांगला नाही. आज्या मान डोलवत आणि मॅडमची पाठ वळली की घमेलं काढत. डिटेक्टर बिचारा आपलं काम करी. भोंगा वाजला की खाली काउंटरवरच्या रंजना सिस्टर न पाहता भोंगा बंद करायचं बटण दाबत आणि वर तोंड करून ओरडत, "धुरी बंद करा!"

हे बटण हात असं सवयीने दाबायला लागला, की डिटेक्टर काढून टाकला काय नि ठेवला काय, सारखंच. मला रात्री झोप लागेना. मी मॅडमना तसं सांगितलंसुद्धा.

या सगळ्या आज्यांत पक्की होती शेवंताबाई. दरेकशाकडची, जंगलात तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचून हाडं चिवट झालेली बाई. तिची लेक ललिता वरच्या एका खोलीत होती. सिझेरियनचे टाके पिकले म्हणून मुक्काम लांबला होता. तिच्या खोलीचा डिटेक्टर सारखा वाजतो म्हणून मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा शेवंताबाई पाठीमागे धुराचा लोट असताना माझ्या तोंडावर म्हणाली, "मी कोठी केली धुरी? देवाशप्पथ नाही केली."

तिसऱ्यांदा गेलो तर भोंगा गप्प आणि खोली धुराने भरलेली. वर पाहिलं. डिटेक्टरवर ऑपरेशनचा रबरी हातमोजा ओढून बसवला होता आणि पाच बोटं खाली लोंबत होती, गाईच्या सडांसारखी. मी भयंकर चिडलो.

"आजी, हे काय आहे?"

"टोपी होय," शेवंताबाई शांतपणे म्हणाली. "तुह्या मशिनीले धूर सोसत नाही, म्हनून तिले टोपी घातली. तुह्यासाठीच केलं बाप्पा, तू काऊन कावते?"

"अन् खरी आग लागली तर?"

"खऱ्या आगीले मशीन कायले लागते? मले नाक नाही का?"

ललिता खाटेवर तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि टाके दुखतात म्हणून विव्हळत होती. मी हातमोजा काढला. सगळ्या खोल्या फिरलो, आणखी दोन सापडले. मग खाली जाऊन मॅडमना म्हणालो, "यांना बंदी घालून उपयोग नाही. जास्त दटावलं तर मशीनवर सूड उगवतील. मागच्या गॅलरीला लागून कोपऱ्याची खोली आहे, ती मला द्या." तिथला धुराचा डिटेक्टर काढून मी उष्णतेचा बसवला. स्वयंपाकघरात लावतात तो. त्याला धुराचं काही नसतं, खोली तापली तरच तो बोलतो. दार आपोआप मिटणारं, खिडकी सताड उघडी. ज्यांना ऐकायचंच नाही त्यांनी धुरी तिथे करावी, आणि लेकराला दारातूनच वास दाखवावा, असं ठरलं. मॅडमना ते पटलं नव्हतं, पण खोल्यांमधले निखारे तरी गेले. भोंगा शांत झाला. माझ्या कारकिर्दीतला हा एक तह, ज्याचा मला अजून अभिमान वाटतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, मी पॅनेलची बॅटरी बदलून निघालो होतो. शिडी अंगणात ऑटोला बांधत होतो. मॅडम थिएटरमध्ये एका बाईचं सिझेरियन करत होत्या. आत भोंगा वाजला आणि लगेच बंद झाला. रंजना सिस्टरचा हात बटणावर गेला होता. पाठोपाठ त्यांचा आवाज आला, "शेवंताबाई! पुन्हा खोलीत केली ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिडी तशीच टाकून मी आत आलो. जिन्याच्या वरच्या पायरीवर शेवंताबाई उभी होती, कमरेवर घमेलं.

"मी नाही केली," ती म्हणाली.

"आजी, आता तरी खरं बोला!"

"खरंच बोलून राह्यली ना बाप्पा!" तिने घमेलं तिरकं करून दाखवलं. आत राखही नव्हती. "कोरसाच नाही पेटवला अजून. चुलीवर आता ठेवाले जाऊन राह्यली होती."

भैयाजी कपाळावर हात मारून म्हणाले, "फिर शुरू हो गया."

मी पॅनेलकडे पाहिलं. दोन नंबरचा दिवा विझलेला होता. लाल जळत होता तो चार नंबरचा, छतावरच्या पोकळीचा.

"भैयाजी, वरती आहे. सगळ्यांना खाली काढा."

"वो तो मकड़ी से भी बजता है, आपने ही बताया था," भैयाजी म्हणाले. खरं होतं ते. डिटेक्टरमध्ये कोळी शिरला तरी तो वाजतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं. आणि वर कोण होतं? पोट शिवलेल्या बाया, एकीला तर उभं राहता येत नव्हतं. एका कोळ्यासाठी त्यांना त्या उभ्या लाकडी जिन्याने खाली आणायचं आणि कोणाचे टाके उसवले तर? मी धावत वर गेलो. व्हरांडा स्वच्छ. एकेका खोलीत डोकावलो, कुठे धुराचा मागमूस नाही. नाक वर करून हुंगलं. आयुष्यभर छताची धूळ खाल्लेलं माझं नाक. त्याला फिनाईलशिवाय काही कळेना. मी थांबलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला काय करावं ते सुचत नव्हतं.

शेवंताबाई माझ्यामागे आली होती. ललिताच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने दोनदा श्वास ओढला.

"हा माह्या धुरीचा वास नोहे," ती म्हणाली. "रबर जरून राह्यलं. अन् भुसा."

आणि मग तिने व्हरांड्याच्या मधोमध उभं राहून, जंगलात दूरच्या बाईला हाक मारावी तसा आवाज काढला.

"धुरी कोनाची होय? बोला वं बायाहो, कोनाची धुरी?"

"माही नोहे," एका खोलीतून आलं.

"आमची नाही, मावशी."

"इथं नाही केली जी."

"कोनाचीच नोहे? मंग उठा! लेकरं उचला, उठा!"

बाया उठल्या. माझं कोणी ऐकलं नसतं, मी भोंग्याचा माणूस. तिचं ऐकलं, कारण धुरीतलं तिला कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी खाली मेन स्विचकडे पळालो. छताआड काहीतरी जळतंय म्हणजे बहुतेक तारच, आणि तिचा करंट तोडल्याशिवाय पुढे काही करता येत नव्हतं. पण स्विचला हात लावला आणि थिएटरचं दार दिसलं. आत एका बाईचं पोट उघडं होतं. थिएटरला इन्व्हर्टर आहे हे मला माहीत होतं. तो किती वेळ तग धरेल हे माहीत नव्हतं. मी रंजना सिस्टरना म्हणालो, "मॅडमना विचारा, मेन बंद करू का?" त्या दाराशी गेल्या. दार किंचित उघडलं. वरून बायांचे पाय वाजत होते, कोणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि मी दांडा धरून उभा होतो. इतका हतबल मी कधी झालो नाही.

आतून मॅडमचा आवाज आला, मला स्पष्ट ऐकू गेला. "बंद करा म्हणावं. माझा हात थांबणार नाही."

मी दांडा ओढला. पंखे मंदावत थांबले आणि सगळी इमारत एकदम ऐकू यायला लागली.

जिन्याशी आलो तर वरून ललिताला आणत होते. चादरीची चारी टोकं धरली होती, एक भैयाजींनी, बाकीची कोणाकोणाच्या नवऱ्यांनी. भैयाजींच्या तोंडून हिंदीत रामनाम चाललं होतं. आणि त्यांच्या मागून शेवंताबाई येत होती. डोक्यावर घमेलं. घमेल्यात लुगडं अंथरलेलं, आणि लुगड्यात लेकरू.

"आजी, लेकरू हातात घ्या!" मी ओरडलो.

"हातानं कठडा धरू का लेकरू?" ती खाली न पाहता म्हणाली. "डोक्शावरचं माह्या कधी पडलं नाही. तू सरक."

मी भिंतीला चिकटलो. ज्या घमेल्यावरून मी तिच्याशी इतका भांडलो, ते माझ्या डोळ्यांसमोरून जरासुद्धा न हलता खाली गेलं. 

अंगणातली शिडी आणून ललिताच्या खोलीत लावली. आता छताच्या दिव्याभोवतीचा पांढरा रंग पिवळा पडला होता आणि फटीतून धुराचा धागा निघत होता. हातोडीच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला पीओपी फुटलं आणि पेटलेला कोंडा भसकन खाली आला, थेट ललिताच्या खाटेवर. गादी पेटली. मी व्हरांड्यातला आग विझवायचा सिलिंडर आधी गादीवर आणि मग वर मोकळा केला. खोकून खोकून डोळ्यांपुढे अंधारी आली. धुरातून वर दिसलं ते असं: लाकडी पट्टीवर ठोकलेली व्यापाऱ्याच्या काळातली तार, उंदराने सोललेली, आणि मी मेन ओढेपर्यंत जिवंत असलेली. फॉल्स सीलिंग लावणाऱ्यांनी ती काढलीच नव्हती. दिसत नाही ते नाही, असा हिशेब. आणि माळ्यावरच्या फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं गळलेला कोंडा तिच्याखाली साचून गादीसारखा झाला होता. आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला, पण माणसं पाइप ओढत आली आणि माळ्यावरून त्यांनी बाकीचं विझवलं. सागवानी तुळया काळ्या झाल्या, पण राहिल्या.

अंगणात आलो तेव्हा बाया ओट्यावर, जमिनीवर, माझ्या ऑटोत, जागा मिळेल तिथे बसल्या होत्या. थोड्या वेळाने थिएटरचं दार उघडलं, मॅडम हिरव्या गाऊनमध्ये बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत," एवढं म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या.  मला रडू आलं, लपवून काय करू?

शेवंताबाई माझ्याजवळ येऊन बसली. "तुही मशीन खोटी नाही बोल्ली," ती म्हणाली.

"तुम्हीही नाही बोललात, आजी."

"मी आज पयल्यांदाच खरं बोल्ली ना," ती म्हणाली आणि पदराने माझ्या तोंडावरची काजळी पुसायला लागली.

ललिता बरी झाली. आजी, लेक आणि लेकरू पॅसेंजरने दरेकशाला गेले, पुन्हा भेट नाही. भैयाजींनी पोकळीतली सगळी जुनी तार स्वतः उभं राहून काढून घेतली, कोंडा उपसून घेतला, आणि त्यानंतर वर कोण झोपतं हे मला कधी विचारलं नाही. रंजना सिस्टरनी भोंगा बंद करायच्या बटणावर एक पट्टी चिकटवली: आधी विचारा, धुरी कोणाची? कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हे कलम नाही. पण मला विचाराल तर ते असायला हवं. मशीन फक्त धूर सांगतं. तो कोणाचा आहे हे विचारायला माणूस लागतो, आणि उत्तर आलं नाही तर उठायला हिंमत लागते.

काम सोडण्याआधी शेवटची तपासणी त्याच दवाखान्यात केली. मॅडमना सांगून व्हरांड्यातल्या डिटेक्टरला डब्यातला तपासणीचा धूर दिला. भोंगा वाजला. खाली बटण दाबलं गेलं नाही. वरच्या एका खोलीतून एक म्हातारी बाहेर आली, मी तिला कधी पाहिलेलं नाही, आणि तिने शेवंताबाईचं नावही ऐकलं नसेल. तिने व्हरांड्यात उभं राहून हाक दिली, "धुरी कोनाची होय?"

मला तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मला पाहायचं होतं.

"आमची नोहे," एका दारातून आलं. "आमची बी नाही," दुसऱ्या. आणि दारं उघडायला लागली. कोणी लेकरू लुगड्यात गुंडाळत होती, कोणी सुनेला खांद्याचा आधार देत होती. आरडाओरडा नाही, विचारपूस नाही. म्हातारी स्वतः एक लेकरू छातीशी धरून जिन्याच्या तोंडाशी पोहोचली, तेव्हा मी शिडीवरून म्हणालो, "माही होय, आजी. धुरी माही होय."

ती थांबली. वर माझ्याकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"मंग पयलेच काऊन नाही सांगतलं?" ती कडाडली. "लेकरं उचलली ना आमी!"